लोंबकळणारी गाडी वळणावर आपटत का नाही?

नागपूरला रेशीमबागच्या मैदानावर मेळा लागला होता, म्हणून भाच्याला घेऊन गेलो. आकाशपाळणा झाला, ब्रेक डान्स झाला, आणि ड्रॅगन ट्रेनमध्ये गुडघे हनुवटीला लावून मलाही बसावं लागलं. परतताना ऑटोत त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ माझ्या तोंडासमोर धरला. परदेशातला रोलर कोस्टर होता, पण गाडी रुळावर नव्हती. रूळ डोक्यावर आणि गाडी त्याला खाली टांगलेली. वळण आलं की अख्खा डबा झोक्यासारखा बाजूला उचलला जायचा, की लगेच विरुद्ध बाजूला.

"मामा, हे काहून आपटत नाही खांबावर?"

प्रश्न बरोबर होता. टांगलेली वस्तू कधी ना कधी पडणार, हे आपण भिंतीवरच्या फोटोफ्रेमपासून शिकलेलो असतो. त्यामुळे असा व्हिडिओ पाहिला की मनात पहिली भीती पडण्याची येते. पण झुलत्या रोलर कोस्टरच्या इतिहासात जी खरी अडचण आली तिचा पडण्याशी फारसा संबंध नव्हता. झोक्याला झुकायला वेळ लागतो, एवढी साधी गोष्ट होती ती. तेवढ्या वेळापायी एक अख्खा कोस्टर तीन हंगामांत भंगारात गेला.

आरशाचा गोंडा

उत्तर समोरच लटकत होतं. ऑटोच्या आरशाला लाल गोंडा बांधला होता. मेडिकल चौकात ऑटो डावीकडे वळला तसा गोंडा उजवीकडे गेला. जरा जास्तच गेला, थोडा परत आला, आणि वळण संपेपर्यंत तिरपा लटकून राहिला. ऑटो सरळ झाल्यावर दोन-तीनदा हेलकावे खाऊन गप्प झाला.

ऑटो वळतो तेव्हा गोंड्याला सरळच जायचं असतं. आत बसलेल्याला वाटतं की त्याला कुणीतरी बाहेरच्या बाजूला ओढतंय. या ओढीला अपकेंद्री बल म्हणतात. (भौतिकशास्त्राचे मास्तर म्हणतील, हे बल खरं नाही, आभासी आहे. मान्य. पण आपण ऑटोच्या आत बसलोय, आणि आतून ते खांद्याला चांगलंच जाणवतं.) एक ओढ खाली, वजनाची. दुसरी आडवी, वळणाची. दोन्ही मिळून जी तिरपी दिशा होते, दोरी त्या दिशेला जाऊन थांबते. ऑटो ताशी २५ किलोमीटरनं, १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल तर ही दिशा सरळ रेषेपासून साधारण १८ अंश कललेली येते. वेग वाढला किंवा वळण घट्ट झालं तर कोन वाढतो.

गोंड्याच्या वजनाचा या कोनाशी संबंध नाही. तिथे संत्र्यांची पिशवी टांगली असती तरी तीही १८ अंशांवरच थांबली असती. म्हणून टांगत्या डब्यात भाचा बसो की त्याचे शंभर किलोचे वडील, डबा तेवढाच झुकतो.

आता गोंड्याच्या जागी आपण आहोत असं समजा. ऑटोच्या सीटवर आपण बाजूच्याच्या अंगावर जाऊन पडतो, कारण सीट सपाटच राहते. गोंड्यात बसलो असतो तर बाजूला ढकलल्यासारखं काही वाटलंच नसतं. बूड फक्त जड झालं असतं. टांगलेल्या गाडीची सगळी मजा यात आहे. प्रत्येक वळणाला किती झुकायचं हे कुणी गणित न करता गाडी स्वतःच ठरवते.

निदान कागदावर तरी.

रुळावरच्या गाडीला हे कसं जमतं

रोलर कोस्टरच्या गाडीत इंजिन नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बहुतेक ठिकाणी साखळी तिला उंचावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचा सगळा खेळ त्या उंचीच्या भांडवलावर. ३० मीटर खाली आलात तर हिशोबानं ताशी ८७ किलोमीटर वेग मिळायला हवा. हवा आणि चाकांचं घर्षण त्यातला वाटा कापून घेतात. पुढे ज्याचा उल्लेख येणार आहे त्या 'बिग बॅड वुल्फ' कोस्टरचा मोठा उतार जवळपास एवढाच होता आणि त्याचा वेग भरायचा ताशी ७७ च्या आसपास.

गाडी रुळाला तीन बाजूंनी धरून ठेवते. वर धावणारी चाकं, बाजूला टेकणारी चाकं आणि रुळाच्या खालून पकडणारी चाकं. खालच्या चाकांचं पेटंट अमेरिकेत जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतलं, आणि तेव्हापासून गाडी रुळावरून उचलली जाण्याची भीती संपली. रूळ वर असो की खाली, या तीन चाकांच्या मुठीत तो असतो. टांगती गाडी हुकाला अडकवलेल्या कंदिलासारखी लोंबते हा गैरसमज इथेच सोडून द्या.

वळणावर गाडीला आतल्या बाजूला झुकवायचं काम रूळ करतो. त्याची बाहेरची कड उंच ठेवतात. याला बँकिंग म्हणतात. आपल्या बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात ते पहिल्याच धड्यात आहे, 'मौत का कुआँ'च्या शेजारी. यात मेख अशी की रुळाचा तिरपेपणा एका ठरावीक वेगासाठीच बरोबर बसतो. सकाळी थंड ग्रीसमुळे गाडी जरा हळू आली, दुपारी भरलेली गाडी जोरात आली, तरी रूळ तेवढाच तिरपा.

टांगलेली गाडी मात्र वेग पाहून झुकते. मग सगळे कोस्टर टांगलेलेच का नाहीत?

आधी नदीवर

गाडी टांगायची कल्पना कोस्टरपेक्षा जुनी आहे. जर्मनीतल्या वुपरटाल या गावात १९०१ पासून टांगती लोकल धावते, आजही. गाव अरुंद खोऱ्यात वसलेलं, रस्त्याला जागा नाही. मोकळी होती ती एक वुपर नदी. म्हणून नदीच्या दोन्ही काठांना पाय रोवून लोखंडी कमानी उभ्या केल्या आणि त्यांच्याखाली गाडी टांगली. तिच्या १३ किलोमीटरच्या मार्गाचा बहुतेक भाग नदीवरूनच जातो. वळणावर तिचे डबे किंचित झुलतात, आणि तसं झुलणं आराखड्यातच धरलेलं आहे. (आपल्या नाग नदीवर असं काही केलं असतं तर खिडक्या बंद ठेवूनच प्रवास करावा लागला असता, हा भाग वेगळा.) १९५० मध्ये सर्कशीच्या जाहिरातीसाठी टुफी नावाच्या हत्तिणीच्या पिल्लाला या गाडीत चढवलं. ते घाबरलं, डब्याची बाजू फोडून खाली नदीत पडलं, आणि किरकोळ खरचटण्यावर वाचलं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच 'बिस्बीज स्पायरल एअरशिप' नावाची राइड होती. टांगलेले पाळणे उंच मनोऱ्यावर नेऊन गोल गोल खाली सोडायचे. ती फार टिकली नाही. त्यानंतर जवळपास पाऊण शतक टांगत्या कोस्टरकडे कुणी गंभीरपणे पाहिलं नाही.

वटवाघूळ

मग आली ॲरो ही अमेरिकन कंपनी. १९५९ मध्ये डिस्नेलँडसाठी पोलादी नळीच्या रुळांचा मॅटरहॉर्न कोस्टर करून तिनं लाकडी कोस्टरच्या जगात खळबळ उडवलेली होती. तिचे मुख्य डिझायनर रॉन टूमर. अपोलो यानाच्या उष्णतारोधक कवचावर काम करून आलेले इंजिनिअर. त्यांच्याबद्दलची माझी आवडती गोष्ट अशी, की जगभर कोस्टर उभारणाऱ्या या माणसाला गाडी लागायची. स्वतःच्या कोस्टरमध्ये ते क्वचितच बसत.

१९८१ मध्ये ओहायो राज्यातल्या किंग्ज आयलंड पार्कात ॲरोनं 'द बॅट' म्हणजे वटवाघूळ सुरू केलं. रूळ वर, डबे खाली, आणि प्रत्येक डबा बिजागरीवर डावी-उजवीकडे मोकळा झुलणारा. लोकांनी असलं काही पाहिलेलं नव्हतं.

डिझाइनमागचा विचार सरळ होता आणि पहिल्यांदा ऐकताना पटतोही. डबा स्वतःच हवा तेवढा झुकतो, तर मग रूळ तिरपा करायचा कशाला? वळणांवर रूळ सपाट ठेवले.

राइड सारखी बंद पडू लागली. डब्यांचे झोके आवरणारे शॉकअप झिजायचे, चाकांवर आणि सांगाड्यावर नको तेवढा ताण यायचा. १९८३ च्या हंगामानंतर वटवाघूळ कायमचं बंद झालं आणि पाडून टाकलं. त्याच जागेवर १९८७ मध्ये ॲरोनंच दुसरा, रुळावर बसणारा कोस्टर उभारला.

माणूस सुखात, लोखंड हैराण

इथे जरा थांबून हिशोब करू, कारण सगळं मर्म इथे आहे.

दीड टनाचा एक डबा धरा, माणसांसकट. वेग ताशी ७२ किलोमीटर, वळण २५ मीटर त्रिज्येचं. (आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, वटवाघळाचे नाहीत.) डबा सुमारे ५८ अंश झुकेल. आतल्या माणसाला बाजूचा धक्का शून्य, फक्त आपलं वजन जवळजवळ दुप्पट झाल्यासारखं वाटेल. तो खुश.

पण डब्याला वळवतोय कोण? रूळ. डबा झुकला म्हणून ते काम कमी होत नाही. दीड टनाच्या डब्याला त्या वळणावर फिरवायला साधारण अडीच टन वजनाइतका आडवा जोर लागतो आणि तो बिजागरीतून, चाकांतून रुळावर जातो. रूळ तिरपा असेल तर हा जोर आणि वजन मिळून धावत्या, मोठ्या चाकांवर सरळ दाबले जातात. भार वाहण्यासाठीच ती चाकं केलेली असतात. रूळ सपाट असेल तर तोच अडीच टनांचा जोर बाजूच्या चाकांवर आडवा बसतो. प्रत्येक डब्याचा, प्रत्येक फेरीला, दिवसभर. तार इकडे-तिकडे वाकवून आपण तोडतो ना, पक्कड नसली की? लोखंड असंच थकतं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर निभावलं असतं. गोंडा आठवा. तो वळणावर आधी जास्त गेला होता. अचानक वळण आलं की टांगलेली वस्तू आपल्या योग्य कोनापाशी थांबत नाही, वेगात असल्यानं पुढे निघून जाते. छोट्या कोनांसाठी ही मजल जवळपास दुप्पट असते. १८ अंशांवर थांबायचं तो गोंडा आधी ३५-३६ पर्यंत जाऊन येतो. शिवाय त्याला वेळ लागतो. दोन मीटर लांबीच्या झोक्याला एक पूर्ण हेलकावा घ्यायला २.८ सेकंद लागतात. म्हणजे वळण लागल्यापासून योग्य कोनावर पहिल्यांदा पोचायला सुमारे ०.७ सेकंद. तेवढ्यात ताशी ७२ नं धावणारी गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. छोटं वळण असेल तर डबा नीट झुकून स्थिरावायच्या आत वळण संपतं, पुढचं उलट्या बाजूचं सुरू होतं, आणि डबा चुकीच्या दिशेला झुललेला असताना त्याला नव्या दिशेला ओढलं जातं.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. डबा किती दूर झुलू शकतो याचा शेवटचा टोकाचा हिशोब आधी करतात, आणि त्या कक्षेत खांब येऊच देत नाहीत. खांब दूर बाहेर रोवून, वरून कमानीसारखा हात पुढे काढून रूळ धरलेला असतो. व्हिडिओत गाडी खांबाला चाटून गेल्यासारखी दिसते ती बरीचशी कॅमेऱ्याची करामत. तरीही झोक्याला मर्यादा घालावी लागते, म्हणून शॉकअप. आणि वटवाघळाच्या सपाट रुळावर त्या बिचाऱ्या शॉकअपना नेमकं जास्तीचं ओझं उचलावं लागलं.

स्कूटरची पिशवी

कॉटन मार्केटमधून भाजीची पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवून आणा. चौकात वळताना पिशवी पायावर आदळत नाही, कारण स्कूटर स्वतःच आतल्या बाजूला झुकते आणि पिशवी तिच्या रेषेतच राहते. तीच पिशवी ऑटोच्या दांड्याला टांगा. वळणावर गुडघ्याला बसेल.

ॲरोनं पुढच्या कोस्टरांमध्ये स्कूटर केली. रूळ वळणावर तिरपे केले. डबा झुकतो तो माणसासाठी, रूळ झुकतो तो लोखंडासाठी, आणि दोघांचा कोन जमेल तितका जुळला पाहिजे, हा धडा वटवाघळानं शिकवला होता. मग झोका उरतो कशाला? दोन कोनांमध्ये जाणूनबुजून थोडा फरक ठेवला की तेवढा उरतो. तो किती ठेवायचा यात डिझायनरचं कसब. वळणही एकदम घट्ट करत नाहीत. सरळ रुळापासून हळूहळू वळवत नेतात, रेल्वेत नेतात तसं. एका पूर्ण हेलकाव्याएवढ्या वेळात वळण पूर्ण घट्ट झालं तर पुढे निघून जाणं जवळपास उरतच नाही.

१९८४ मध्ये व्हर्जिनियातल्या बुश गार्डन्समध्ये 'बिग बॅड वुल्फ' आला. जर्मन खेड्याच्या देखाव्यातून, घरांच्या छपरांना लागून झुलत जायचा आणि शेवटी नदीकडे झेपावायचा. तो २५ वर्षं चालला, २००९ मध्ये निवृत्त झाला. १९८७ चा 'आयर्न ड्रॅगन' (सीडर पॉइंट), १९८८ चा 'निंजा' (मॅजिक माउंटन), १९९० मध्ये इंग्लंडच्या चेसिंग्टनमधला 'व्हँपायर' हे त्याच घराण्यातले. १९९३ मध्ये किंग्ज आयलंडनंही ॲरोकडून पुन्हा झुलता कोस्टर घेतला. दोन नावं बदलून २०१४ मध्ये त्याचं नाव ठेवलं 'द बॅट'. पाडलेल्या वटवाघळाचं नाव नातवाला द्यावं तसं.

"मग याला उलटं का नाही फिरवत?"

या झुलत्या गाड्या कधीच लूप घेत नाहीत, हे पाहणाऱ्यांना खटकतं. एवढी टांगली आहे, घ्यायचा ना एक गरका.

झोका सरळ राहतो तो वजनाच्या ओढीमुळे. ओढ जितकी जास्त, झोका तितक्या ताकदीनं मधे येतो. कोस्टरच्या टेकाडावरून उतरताना पोटात गोळा येतो तेव्हा आपलं वजन शून्याच्या जवळ गेलेलं असतं. त्या क्षणी झुलत्या डब्याला मधे आणणारं बळच नसतं. तो कुठेही तरंगेल, आणि वजन परत आलं की ज्या बाजूला असेल तिथून दाणकन आपटेल. पीळ घेत उलटं होताना नेमकी हीच वेळ येते. म्हणून झुलत्या कोस्टरांना ना लूप, ना पोटात गोळा आणणारी टेकाडं. नुसतं इकडून तिकडे, जंगलातल्या पाखरासारखं. मला स्वतःला हा प्रकार लूपपेक्षा देखणा वाटतो, पण तिकीट विकायला 'सात वेळा उलटे' ही पाटी जास्त कामाची.

झुलणंच बंद केलं

१९८८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर बोलिगर आणि क्लोद माबिलार्ड या दोन इंजिनिअरांनी कंपनी काढली. त्यांनी १९९२ मध्ये शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका पार्कात 'बॅटमॅन: द राइड' दिला. (पुन्हा वटवाघूळच. या धंद्याला त्याचं काय वेड आहे कोण जाणे.) त्यात रूळ वरच होता, माणसं खालीच होती, पण बिजागरी काढून टाकली होती. खुर्च्या वरच्या चौकटीला पक्क्या बसवलेल्या. तळ नाही, पाय मोकळे हवेत. याला इन्व्हर्टेड कोस्टर म्हणतात.

बिजागरी गेली तसा झोक्याला लागणारा वेळही गेला. गाडी कुठे किती झुकणार हे आता फक्त रूळ ठरवतो, आणि तोवर रूळ हव्या त्या आकारात अचूक वाकवणं संगणकांमुळे जमू लागलं होतं. जे काम ॲरो झोक्याकडून करून घेऊ पाहत होती ते या मंडळींनी रुळालाच सांगितलं. बॅटमॅन पाच वेळा उलटा होतो. त्याच्या लूपमध्ये माणसं लूपच्या बाहेरच्या अंगाला असतात, पाय आभाळाकडे.

दोन वर्षांनी इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये 'नेमेसिस' आला. तिथे झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायला परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी खडक फोडून खड्डा केला आणि कोस्टर त्यात उतरवला. पाय खडकाला लागतील की काय असं वाटत राहतं. बंधनातून निघालेली डिझाइनं अनेकदा जास्त चांगली असतात, त्यात हे एक.

झुलत्या कोस्टरची मागणी यानंतर आटली. ॲरो २००१ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. नावाचा घोळ मात्र मागे राहिला. झुलत्या कोस्टरांना इंग्रजीत 'सस्पेंडेड' म्हणतात. व्हेकोमा या डच कंपनीनं १९९४ पासून विकलेले लूपवाले टांगते कोस्टरही 'सस्पेंडेड' म्हणवतात, पण ते झुलत नाहीत.

इमॅजिकाचा नायट्रो कोणत्या जातीचा?

नागपूरहून पुण्या-मुंबईकडे शाळा-कॉलेजच्या सहली जातात तेव्हा खोपोलीच्या इमॅजिका पार्कात 'नायट्रो' कोस्टरमध्ये बसून आलेली पोरं सांगतात, "आम्ही लटकणाऱ्यात बसलो." पाय लटकतात हे खरं. पण तिथे रूळ पायांखाली असतो. स्टेशनात पायाखालची फरशी सरकते आणि खुर्च्या गाडीवर उघड्या राहतात. त्याला फ्लोअरलेस म्हणतात. तोही बोलिगर-माबिलार्डचाच. ओळखायची सोपी खूण म्हणजे मान वर करा. डोक्यावर रूळ दिसला तर टांगता. आणि रूळ दिसूनही वळणावर खुर्ची डावी-उजवीकडे हलली तर तो खरा झुलता.

"पण पिन तुटली तर?"

हा प्रश्न माझ्या बहिणीचा, आणि तो टाळून चालणार नाही. ज्या पिनवर डबा झुलतो किंवा खुर्च्यांची चौकट ज्या जोडांवर टिकलेली असते, ते सुटे करून तपासता येतात. डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर शोधायला पोलादाचं चुंबकीकरण करून त्यावर लोहचूर्ण पसरतात. चीर असेल तिथे चूर्ण गोळा होऊन रेघ उमटते. जिथे शक्य तिथे एक जोड गेला तरी दुसरा भार उचलेल अशी रचना असते. एका मार्गावर दोन गाड्या असतील तर पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी त्यात शिरू शकत नाही. रेल्वेत जी ब्लॉक पद्धत असते तीच. या सगळ्याचे मानदंड आहेत. अमेरिकेत एएसटीएम या संस्थेची यासाठीची समिती १९७८ पासून काम करते, युरोपचा स्वतंत्र मानदंड आहे.

आणि हो, टांगती गाडी पडल्याचं एक खरं उदाहरण आहे. वुपरटालमध्ये एप्रिल १९९९ मध्ये सकाळची पहिली गाडी नदीत कोसळली, पाच माणसं गेली. कारण काय निघालं? रात्रीच्या दुरुस्तीनंतर रुळावर विसरलेली एक लोखंडी पकड. तिला धडकून गाडी रुळावरून सुटली. ती पडली ती टांगलेली होती म्हणून नव्हे, तर रूळ मोकळा आहे का हे कुणी पाहिलं नाही म्हणून. पार्कात रोज सकाळी माणसं बसवण्याआधी रिकामी गाडी फिरवतात, त्याचं महत्त्व यावरून कळावं.

लटकणाऱ्या पायांचं काय? सर्वांत उंच माणसाचे हात-पाय ताणून जेवढी जागा व्यापतील तेवढी पोकळी रुळाभोवती मोकळी ठेवतात. लहान मुलांना उंचीची अट असते. बॅटमॅनची १३७ सेंटिमीटर आहे. भाचा १२९ चा. त्यानं दारामागच्या भिंतीवर पेन्सिलनं खूण करून ठेवली आहे.

आपल्या मेळ्यात का येत नाही?

ड्रॅगन ट्रेन ट्रकमधून येते, मैदानावर दोन-तीन दिवसांत उभी राहते. तिच्या पायांखाली लाकडी ओंडके सरकवतात आणि घणाने पाचर ठोकून पातळी साधतात. रेशीमबागेत एक पोरगा तेच करत होता, तोंडात खर्रा धरून, पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीकडे पाहून पातळी ठरवत. टांगत्या कोस्टरला रूळ माणसांच्या डोक्यावर उंच धरावा लागतो, खांब बाजूला दूर रोवावे लागतात, आणि आडवा जोर पेलायला खोल काँक्रिटचा पाया लागतो. हे अशक्य नाही. १९९५ पासून काही वर्षं 'युरोस्टार' नावाचा इन्व्हर्टेड कोस्टर जर्मनीच्या मेळ्यांमधून गावोगाव फिरलाच. पण ट्रकांचा ताफा, क्रेन, आणि तेवढं तिकीट देणारी गर्दी लागते. पन्नास-शंभर रुपयांच्या तिकिटावर ते जमणारं नाही.

भाच्यानं त्याचा पर्याय काढला आहे. सुतळीला एक जाड नट बांधून खिशात ठेवलाय. परवा मेट्रोनं खापरीहून सीताबर्डीला येताना त्यानं तो दांड्यापाशी धरला आणि प्रत्येक वळणाला डोळे बारीक करून पाहत राहिला. नट फारसा हललाच नाही.

"मामा, हे बंद पडलं का?"

"नाही रे बाप्पा. रूळ तिरपा आहे."